नजर बशीवर नको, पावलांवर हवी: पश्चिम सुमात्रातले सहा दिवस

पहिला दिवस: पाडांग

पाडांगच्या खानावळीत बसलं की मागवायच्या आतच वाढपी हजर होतो. त्याच्या डाव्या हातावर पंजापासून कोपराच्या वरपर्यंत बशांची उतरंड असते: रेंदांग (मसाल्यात आटवलेलं मांस), फणसाचं गुलाई (नारळाच्या दुधातलं कालवण), मिरचीत परतलेली वांगी, टॅपिओकाचा पाला, तळलेले मासे. एका बशीची कड दुसरीवर टेकलेली, अशा पंधरा-वीस बशा. कोपर बरगडीला चिकटलेलं, खांदा सैल, गुडघे किंचित वाकलेले. हलतात ते फक्त पाय, वरचं अंग जणू पाण्यावरून सरकत येतं. उजव्या हातानं तो एकेक बशी मेजावर उतरवतो, तेव्हा रस्सा कडेला लागतही नाही.

ज्या नाचासाठी इथवर यायचं, त्याची पहिली ओळख ही अशी होते. तारी पिरिंग म्हणजे बशांचा नाच. मिनांग बोलीत ‘तारी पिरियांग’. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ, थोडक्यात मिनांग, लोकांचा हा नाच इंडोनेशियाभर लग्नांत, स्वागतसमारंभांत आणि शाळांच्या रंगमंचावर दिसतो. दोन्ही तळहातांवर बशा, बोटांत अंगठ्या, बशीच्या बुडावर अंगठीचा टिक-टिक ठेका आणि बशा गरगर फिरवूनही न पडणं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. या नाचाची हाडं मात्र सिलेकची आहेत. सिलेक ही मिनांग युद्धकला, बाहेरचं जग जिला पेंचाक सिलात म्हणतं त्या कुळातली. युनेस्कोनं डिसेंबर २०१९ मध्ये पेंचाक सिलातच्या परंपरा आपल्या यादीत घेतल्या.

जाण्याची सोय सोपी आहे. क्वालालंपूरहून पाडांगला तासाभराचं विमान मिळतं. भारतीय पारपत्रावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. घड्याळ दीड तास पुढे करायचं. खानावळीत मेजावर सगळं मांडलं तरी ज्या बशीला हात लावाल तिचेच पैसे लागतात. शाकाहारी मंडळींनी फणसाच्या गुलाईत मांसाचा रस्सा मिसळलेला नाही ना, हे विचारून घ्यावं. वाढप्याला ‘उडा’ म्हणावं, म्हणजे दादा. बाई असेल तर ‘उनि’, म्हणजे ताई. त्या एका शब्दानं बोलणं लगेच मोकळं होतं.

दुसरा दिवस: पाडांग पांजांग

पाडांगहून बुकित्तिंगी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर लेंबाह अनाईचा घाट लागतो. धबधबा अगदी रस्त्याला खेटून पडतो. ११ मे २०२४ च्या रात्री मारापी ज्वालामुखीवरची राख आणि दगडगोटे पावसानं खाली आले, तेव्हा हा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. रस्ता चालू आहे का, हे निघण्याआधी चालकाला विचारावं, मोठ्या पावसानंतर तर नक्कीच, आणि हातात दोन तास जास्तीचे ठेवावेत.

पाडांग पांजांग मारापी आणि सिंगालांग या डोंगरांच्या कुशीत आहे आणि तिथला पाऊस कधी सुरू होईल याचा नेम नाही. हे छोटं शहर मिनांग कलाशिक्षणाचं केंद्र आहे. इंडोनेशियाच्या सरकारी कलासंस्थांपैकी एक इथे आहे आणि नाच, तालेम्पोंग (छोट्या पितळी घंटांचं वाद्य), रांदाई नाट्य, सिलेक हे सगळं एकाच आवारात शिकवलं जातं. हुरियाह अदाम हिचा जन्म याच गावचा, १९३६ चा. सिलेकच्या हालचाली घेऊन तिनं मिनांग नाचाला रंगमंचाची भाषा दिली. १९७१ मध्ये पाडांगजवळ समुद्रात कोसळलेल्या विमानात ती गेली, अवघ्या ३५ व्या वर्षी. आज मिनांग मुली ज्या आत्मविश्वासानं गुडघे रोवून नाचतात, त्यामागे तिच्या कामाचा मोठा वाटा आहे. जुन्या गावपद्धतीत हा खेळ तरुण पुरुषांचा होता.

तालीम पाहायची असेल तर सकाळी लवकर पोचावं, चपला दाराबाहेर काढाव्यात आणि भिंतीशी बसावं. नवशिक्यांच्या हातात पहिले बरेच दिवस बशी दिलीच जात नाही. आधी रिकामा तळहात, मग एका हातात बशी, मग दोन्ही हातांत, आणि अंगठी सगळ्यांत शेवटी.

बशी तळहाताच्या मध्यावर बसते, बोटं पसरलेली. बशीच्या बुडाला जो उंचवटा असतो, तो कडा बोटांच्या मुळाशी अडकतो. खरी पकड तिथे आहे. सपाट बुडाची बशी म्हणूनच निरुपयोगी. मेलामाइनची बशी फुटत नाही, पण तिला आवाज नाही आणि वजनही नाही, त्यामुळे हाताला ती कुठे आहे हे कळत नाही. अंगठी पूर्वी केमिरीच्या टणक बीच्या कवचाची करत, हल्ली धातूची असते. टिचकी मनगटानं मारायची नसते, फक्त बोट उचलून सोडायचं असतं. मनगट हललं की बशी कलंडते.

आता फिरवण्याबद्दल, कारण सगळ्यांना कोडं इथेच पडतं. फिरवण्याचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिल्यात बशी सतत आकाशाकडेच तोंड करून राहते. तळहात वर ठेवून हात आतल्या बाजूनं काखेखाली न्यायचा, कोपर वर उचलायचं, हात मागून बाहेर काढायचा. इथे एक पूर्ण फेरी होते, पण हात पिळलेला राहतो. मग तीच बशी त्याच दिशेनं डोक्यावरून फिरवली की दुसऱ्या फेरीला पीळ सुटतो आणि हात मूळ जागी येतो. एका फेरीनं हात सुटत नाही, दोन फेऱ्यांनी सुटतो. गणित-भौतिकीच्या वर्गांत ‘प्लेट ट्रिक’ म्हणून हेच दाखवतात. यात वेगाची गरज नाही, कितीही सावकाश करता येतं. चुकतं ते कोपरामुळे. कोपर वेळेवर उचललं नाही तर बशी बरगडीवर आपटते, आणि खांदा आखडला तर दुसरी फेरी कानाशी अडते.

दुसऱ्या प्रकारात बशी खरोखर उलटी होते, हात सरळ ठेवून उभा गोल घेतात. इथे वेगच तिला तळहातावर दाबून धरतो. खांद्यापासून बशीपर्यंत ६० सेंटीमीटर धरले, तर अगदी वरच्या टोकाला वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटरच्या खाली जाता कामा नये. म्हणजे साधारण दीड सेकंदाच्या आत फेरी पुरी व्हायला हवी. नवशिका नेमका वर पोचल्यावर घाबरतो, हात आवरतो आणि बशी तिथेच पडते. शिकवणाऱ्या बाईंचा सारा जोर खालच्या अर्ध्या गोलावर होता. वेग तिथे घ्यायचा, वर फक्त जाऊ द्यायचं. पावसाळी हवेत तळहात ओलसर होतात, म्हणून दर दोन मिनिटांनी मुली कोरड्या फडक्याला हात पुसत होत्या.

तासभर हे पाहिल्यावर बाईंनीच पावलांकडे बोट दाखवलं. बशी पडते तेव्हा चूक हाताची क्वचितच असते. गुडघा ताठ झाला, धक्का वर चढला आणि हातानं तो झेलला नाही, बहुतेकदा कारण हे निघतं. सिलेकमध्ये गुडघे वाकवून खाली बसलेल्या पवित्र्याला ‘पितुंगुआ’ म्हणतात. नाचात हाच पवित्रा पाठीचा कणा स्थिर ठेवतो. आधी पाऊल टेकवायचं, जमीन चाचपायची, आणि मगच त्यावर भार टाकायचा. लढणाऱ्याला हे वाचवतं कारण मधल्या क्षणी पाऊल मागे घेता येतं, नाचणाऱ्याला वाचवतं कारण बशीला हिसका बसत नाही.

तिसरा दिवस: पांडाई सिकेक, बुकित्तिंगी

सिंगालांगच्या उतारावरचं पांडाई सिकेक हे सोनेरी जरीच्या सोंगकेत विणकामाचं गाव. २००१ च्या ५,००० रुपियाच्या नोटेवर हातमागावर बसलेली विणकर बाई आहे, ती इथल्या विणकामाचीच ओळख. नाचाचा लाल-सोनेरी पोशाख अशा कापडावर उभा राहतो. स्त्रियांच्या डोक्यावर शिंगांच्या आकाराचं वस्त्र असतं, त्याला तिंगकुलुआक तांदुआक म्हणतात.

मला जास्त बोलकी वाटली ती पुरुषांची विजार, गालेम्बोंग. तिचा दोन पायांमधला जोड जवळजवळ गुडघ्यापर्यंत लोंबतो. खोल पवित्रा घेताना कापड आड येत नाही, आणि पाय फाकले की ते डफासारखं ताणतं. रांदाईत नट गोलात फिरता फिरता त्यावर थाप मारतात आणि तिचा टणत्कार तालेम्पोंगलाही झाकतो. सिलेकच्या आखाड्यातही हीच विजार असते आणि नाचातही.

वाटेत कोतो बारूला बिका खावा: तांदळाचं पीठ आणि खोबरं मातीच्या भांड्यात घालून वर-खाली दोन्हीकडे निखारे. आपल्या बिबिंकेला जसा वरून विस्तव लागतो तसाच. बुकित्तिंगीच्या वरच्या बाजारात नासी कापाउ, म्हणजे भात आणि कालवणं, मिळतो. वाढणारी बाई उंचावर बसते आणि लांब दांड्याच्या पळीनं दूरच्या पातेल्यातलं कालवण थेट पानात आणते. थंडी वाटली तर अंपिआंग दादिआह मागवावं. बांबूच्या नळीत आंबवलेलं म्हशीचं दही, त्यात कुटलेले पोहे आणि वरून गुळाचा पाक. मराठी माणसाला ही चव सांगावी लागत नाही, फक्त बांबूचा हलका वास नवा असतो.

संध्याकाळी पर्यटकांसाठी कार्यक्रम होता. शेवटी अपेक्षेप्रमाणे बशा फोडल्या आणि नर्तक अनवाणी काचांवर चढले. यामागे मंत्र आहे अशी श्रद्धा काही गावांत आहे, आणि तिथे तिचा मान राखावा. पाहणाऱ्याला मात्र तंत्रही दिसतं. तुकड्यांचा ढीग जाड असतो, त्यामुळे भार पुष्कळ कडांवर वाटला जातो. पाऊल सरळ वरून खाली, पूर्ण तळवा एकदम. घसरत नाही, वळत नाही. ढिगावर असताना कमरेतून वळण येतं आणि टाच जागची हलत नाही. कापतं ते ढिगाच्या कडेला, कारण तिथे एकटा उभा तुकडा असतो, आणि पायाच्या मधल्या मऊ भागाला. फरशीवर उडालेली बारीक किरच तर उतरल्यावर लागते. पुढच्या रांगेत बसणार असाल तर बूट घाला आणि लहान मुलांना तिथे बसवू नका.

या कार्यक्रमात बशा खूप होत्या, वेगही खूप होता, पण नर्तकांचे गुडघे जवळजवळ सरळच राहिले. आदल्या दिवशीची तालीम पाहिली नसती तर हे लक्षातही आलं नसतं.

चौथा दिवस: बातुसांगकार आणि रात्रीचा आखाडा

तानाह दातार हा मिनांग लोकांचा जुना गाभा. बातुसांगकारजवळ कुबू राजो इथे चौदाव्या शतकातल्या आदित्यवर्म्याचा संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात त्याला ‘कनकमेदिनीन्द्र’ म्हटलंय, म्हणजे सोन्याच्या भूमीचा राजा. सुमात्राच्या डोंगरात, भातखाचरांच्या बाजूला तो शब्द वाचून थबकायला होतं. जवळच पारांबाहान हे गुस्मिआती सुइदचं गाव. सिलेक शिकलेल्या या नृत्यकर्तीनं १९८२ मध्ये गुमारांग साक्ती ही मंडळी उभी केली आणि १९९१ मध्ये तिला न्यूयॉर्कचा नृत्यासाठीचा बेसी पुरस्कार मिळाला. कुमांगो गाव याच भागात आहे. शेख अब्दुर्रहमान अल्-खालिदी या सूफी गुरूनं तिथे रुजवलेला सिलेक गावाच्याच नावानं ओळखला जातो. लिंताउ, पाउआह, सितारालाक, हारिमाउ अशा इतरही शाखा आहेत.

सिलेकचं शिक्षण आणि मिनांग घर यांचा संबंध आधी समजून घ्यावा लागतो. घर आईकडून मुलीकडे जातं. मोठ्या घरात खोल्या लेकींच्या, आणि वयात येणाऱ्या मुलाला तिथे झोपायला जागा नसे. तो सुराउमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात जाई. संध्याकाळी कुराण आणि रात्री अंगणात सिलेक, असा त्याचा दिवस संपे. पुढे पोटासाठी परगावी निघायचं, त्याची ही तयारी. याच पोरांनी आपसांत खेळलेल्या खेळांतून नाच घडले.

आखाड्याला ‘सासारान’ म्हणतात. आम्ही पाहिलेला सासारान म्हणजे घरामागचं चोपलेलं अंगण, एक दिवा आणि कडेला नारळाची झाडं. रात्रीची नमाज झाल्यावर सुरुवात झाली. नव्या शिष्यानं गुरूकडे विड्याची पानं, सुपारी, पांढरं कापड अशा वस्तू घेऊन यायची रीत आहे. पाहुण्यानं निदान ओळखीच्या माणसाबरोबर जावं, आधी परवानगी घ्यावी, आणि फोन खिशातच ठेवावा. काही डाव बाहेरच्याला दाखवत नाहीत, तिथे आग्रह करणं असभ्य ठरतं.

पहिली हालचाल नमस्काराची. तारी पिरिंगचीही पहिली हालचाल हीच, ‘पासांबाहान’. मग ‘लांगकाह तिगो’, तीन पावलांचा त्रिकोण, आणि ‘लांगकाह आम्पेक’, चार पावलांचा चौकोन. ओल्या मातीवर पावलं इतकी हलकी पडत होती की आवाज श्वासाचाच येत होता. समोरचा हात आला की मागे पळायचं नाही, कमरेतून वळायचं. हे ‘गेलेक’. आणि दोन्ही हात छातीसमोर नि कानाजवळ सतत पहारा देत राहतात, ते ‘बालाबेक’. मिनांग लोक ‘पांचाक’ आणि ‘सिलेक’ यांत फरक करतात. पांचाक हे लोकांसमोर खेळायचं फूल, सिलेक हे आतलं, खऱ्या झटापटीचं.

साठीच्या गुरूंना विचारलं, की बशीचा नाच पाहताना तुम्हाला त्यात काय दिसतं? त्यांनी उत्तर दिलं नाही. एका पोराला समोर उभं केलं आणि रिकाम्या हातानं तीच काखेखालची फेरी संथपणे केली. पोराचा ठोसा आत आला. गुरूंचा तळहात त्याच्या मनगटाखाली गेला, कोपर वर उठलं, हात मागून बाहेर आला, आणि पोरगा स्वतःच्याच खांद्याभोवती पिळला जाऊन गुडघ्यावर बसला. दोन दिवसांपूर्वी तालमीत बशीनं काढलेला मार्ग हाच होता, फक्त आता त्याच्या शेवटी माणूस होता. मग त्यांनी त्याला उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि म्हण सांगितली: ‘लाहिया मांचारी कावान, बातिन मांचारी तुहान’. बाहेरून मित्र शोधायचा, आतून देव.

प्रत्येक बशीफेरीमागे असा डाव आहे असं मात्र समजू नये. नाच स्वतःच्या वाटेनंही वाढला आहे. त्याचा दुसरा उगम शेतात आहे.

पाचवा दिवस: सिंगकाराक सरोवर, सोलोक

सरोवराच्या कडेनं सोलोककडे उतरताना बिलीह मासा विकणाऱ्या टपऱ्या लागतात. बोटाएवढा हा मासा या सरोवराचाच, कुरकुरीत तळून मिळतो. सोलोक तांदळासाठी नावाजलेलं, आणि तारी पिरिंगचं मूळही बहुतेक लोक इथलंच सांगतात. परंपरा सांगते की इस्लाम येण्याआधी सुगीनंतर देवतांचे आभार मानायला मुली बशांतून अन्न घेऊन नाचत जात. धर्म बदलला, अर्पण गेलं, आणि नाच लग्नसमारंभात आला. ही कथा तोंडी चालत आलेली आहे. पुरुषांचा आखाडी खेळ आणि मुलींचं अर्पण या दोन्ही कथा मिनांग लोक एका दमात सांगतात, आणि हालचाली पाहिल्या तर दोन्ही खऱ्या वाटतात.

कारण हालचालींची नावं शेताची आहेत. कुदळ चालवणं, तण काढणं, कचरा टाकणं, पेरणं, कुंपण घालणं, रोपं उपटणं, लावणी, दमून बसणं, शेतावर खाऊ पोचवणं, कापणी, मळणी, वारा देणं, कांडणं, पाखडणं. खाचराच्या बांधावर उभं राहून लावणी करणाऱ्या बायका पाहिल्या की नाचातला वाकलेला गुडघा आणखी एका बाजूनं कळतो. चिखलात ताठ गुडघ्यानं चालणारा पडतो. शेत आणि आखाडा दोघांनी शरीराला एकच गोष्ट शिकवली आहे.

दुपारी एका लग्नाला, ‘बारालेक’ला, बोलावणं मिळालं. नवरीच्या डोक्यावर सुंतिआंगचा सोनेरी, पंख्यासारखा भरगच्च मुकुट. मांडवात मोठ्या आवाजात कीबोर्ड आणि गाणी चालू होती. हल्ली बहुतेक लग्नांत असंच असतं आणि तालेम्पोंगवाले मागे पडतात, याची खंत गावातल्या वडीलधाऱ्यांनी उघड बोलून दाखवली. ती मला रास्त वाटते. तालेम्पोंग पाचिकमध्ये तिघे जण हातात पितळी घंटा धरतात, प्रत्येकाचे सूर मोजके, आणि तिघांच्या फटी एकमेकांत बसल्या तरच चाल तयार होते. अंगठीचा टिक-टिक त्या फटींत पडतो. कीबोर्डच्या सलग ठेक्यावर त्याला जागाच उरत नाही.

सुदैवानं वराचं स्वागत जुन्या वाद्यांवर झालं. पाच नर्तक, कारण संख्या विषम ठेवायची पद्धत आहे. जमीन पावसानं निसरडी. मधल्या तरुणाचा पाय एकदा सरकला, पण गुडघा आधीच खाली होता. त्यानं ते सरकणं तसंच पुढे नेऊन कमरेतून वळण घेतलं, आणि बशा जिथे असायला हव्या होत्या तिथेच राहिल्या. बघणाऱ्यांना ती नाचातलीच हालचाल वाटली. बाजूला बसलेले एक आजोबा तेवढे पुटपुटले, ‘गेलेक’.

रमजानच्या महिन्यात असे कार्यक्रम जवळजवळ बंद असतात, आणि ईदनंतरच्या आठवड्यांत लग्नांचा हंगाम येतो. शुक्रवारी दुपारी कुठेही काही ठरवू नये. लग्नाला जाताना खांदे आणि पाय झाकणारे कपडे घालावेत, पाकिटात आहेर द्यावा, आणि जेवल्याशिवाय उठू नये.

सहावा दिवस: परत पाडांग

विमान संध्याकाळी होतं, म्हणून सकाळ बाजारात. सरावासाठी बशा घ्यायच्या तर पोर्सेलिनच्या घ्याव्यात, आकार आपल्या पसरलेल्या पंजाहून थोडा मोठा. उलटी करून बुडाचा कडा बोटानं चाचपावा. तो उंच आणि खडबडीत असेल तर पकड येते, चकचकीत असेल तर घामात सुटते. मग अंगठी घालून बुडावर टिचकी मारावी. बारीक तडा असेल तर आवाज बसका येतो आणि ती बशी पहिल्या उलट्या फेरीतच फुटू शकते. दोन बशांचा स्वर सारखा नसला तर उत्तम, कारण उजवा-डावा ठेका वेगळा ऐकू येतो. दुकानदारीणबाईंनी चार बशा वाजवू दिल्या, पाचवी स्वतः वाजवून पुढे केली, ‘इनी,’ म्हणाल्या, ही घ्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

घरी सराव गादीसमोर करावा, अनवाणी, आणि पहिला आठवडा बशा कागदातच ठेवून.